यमुताईची आलमारी

शालिकराम कंपौंडरनं एकोणीस वर्षांत कोणाचा आजार तोंडातून काढला नाही, हे त्याचं म्हणणं खरं होतं. आणि कोणाला काय झालंय हे पाचपावलीच्या वस्तीत झाडून सगळ्यांना ठाऊक असे, हेही तितकंच खरं होतं. या दोन खऱ्या गोष्टी एकाच दवाखान्यात कशा नांदत होत्या, ते आधी सांगायला हवं.

आनंदराव डॉक्टरांचा दवाखाना रेल्वे फाटकाच्या अलीकडे, दोन खोल्यांचा. आतल्या खोलीत डॉक्टर, बाहेर बाकडी, आणि बाहेरच्याच एका कोपऱ्यात लाकडी पार्टिशन घालून केलेली शालिकरामची जागा. पेशंटनं घरून आणलेल्या बाटलीत लाल मिक्श्चर भरायचं, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कापून बाटलीला चिकटवायची, खलात गोळ्या घोटून पुड्या बांधायच्या, हे त्याचं काम. डॉक्टरांच्या खोलीची भिंत पातळ होती. आतलं बोलणं ऐकायचं असलं की शालिकरामचा बत्ता आपोआप हळू पडे, आणि काही खास निघालं तर थांबेच. पेशंटांची कार्डंही त्याच्याच फळीवर, चपलांच्या रिकाम्या खोक्यांत लावलेली असत.

लग्नसराई आली की मुलाकडचे, मुलीकडचे चौकशीला येत. खिडकीशी वाकून विचारत, "शालिकभाऊ, त्या अमक्याचा पोट्टा तब्येतीनं कसा हाय?" पोरगा धडधाकट असला तर शालिकराम मोकळ्या तोंडानं म्हणे, "एकदम ठणठणीत! डोळे मिटून करा." आणि नसला, तर तो बाटली पुसायला घ्यायचा, छताकडं बघायचा आणि म्हणायचा, "चहा घेता का?" बस, एवढंच. चहा न घेता पाहुणे उठत आणि दुसरं स्थळ बघायला लागत.

यात आपण कोणाचं काही सांगितलं, असं शालिकरामला मरेपर्यंत पटलं नसतं. सांगणं म्हणजे बोलणं, आणि बोलला तर तो फक्त चांगलंच होता. या मानाच्या जिवावर तो जगत होता, यात शंका नाही. नानाजीच्या पानठेल्यावर त्याला बघून लोक स्टूल रिकामा करत, लग्नाची पत्रिका पहिली त्याच्या घरी पडे. पगार डॉक्टर देत, पण गडी स्वतःला पाचपावलीचा अर्धा डॉक्टर समजे.

मग एकोणऐंशी साली रंभाबाईच्या मुलाचं लग्न मोडलं. पोराला लहानपणी फिट्स येत, आता चार वर्षांत एकही आली नव्हती. मुलीचा बाप चौकशीला आला, शालिकरामनं त्याला चहा विचारला, आणि तिसऱ्या दिवशी नकार आला. रंभाबाई डॉक्टरांच्या टेबलापुढं बसून पदरानं डोळे पुसत राहिली.

डॉक्टरांनी शालिकरामला आत बोलावलं. "तू काही बोललास?"

"एक शब्द नाई, साहेब. माया फुलाची शपथ."

फुला, म्हणजे पंचफुला, त्याची एकुलती एक लेक. शपथ खोटी नव्हती, म्हणून तर त्यानं ती छाती पुढं काढून घेतली. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, जा." आठ दिवसांनी हातठेल्यावरून एक लोखंडी आलमारी आली, आणि तिच्यामागून यमुताई आली.

यमुताई तिशीची, पांढरं पातळ, केस घट्ट बांधलेले. एका मोठ्या इस्पितळात पाच वर्षं रजिस्टरच्या टेबलावर बसलेली. तिनं पहिल्याच दिवशी चपलांची खोकी रिकामी केली, कार्डांना नंबर दिले, नंबराप्रमाणं ती आलमारीत लावली आणि किल्ली कमरेला खोचली. टेबल मांडलं ते नेमकं शालिकरामच्या खिडकीसमोर, दोन हातांवर. पेशंटला ती नावानं हाक मारत नसे. "सतरा नंबर," म्हणे. पुढं वाकून हळू आवाजात विचारे, आणि पेशंटही तिला हळूच सांगे.

शालिकरामच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षं ज्यानं हा दवाखाना उघडला, झाडला, बंद केला, त्याच्या हातून कार्डं काढून कालच्या बाईच्या कमरेला बांधली! आता त्याच्याकडं फक्त औषधाची चिठ्ठी येई, तीही नंबर टाकलेली. चिठ्ठी बघून आजार ओळखायची अक्कल त्याला होती, पण आजार कोणाचा ते कळायला मान वाकडी करून बाकड्याकडं बघावं लागे. हा अपमान त्याला रोज पन्नास वेळा गिळावा लागत होता.

त्यात पेशंट वाढले, हे त्याला जास्त झोंबलं. ज्या बायका आजवर कधी पायरी चढल्या नव्हत्या, त्या येऊ लागल्या. यमुताईच्या कानाशी लागत, ती मान हलवी, कार्ड घेऊन आत जाई. त्या एवढं काय सांगत असतील, या विचारानं शालिकरामला जेवण गोड लागेना. घरी त्याची बायको तुळसाबाई एकदा सहज म्हणाली, "यमुताई लय चांगली बाई हाय म्हणतात बाप्पा." त्यानं ताट सरकवलं. "तुले कोण सांगतलं? दोन दिवसांची बाई ते! तिले औषधातलं काय समजते?" फुला चुलीपाशी भाकर थापत होती, तिनं मान वर केली नाही.

यमुताईला तोंडघशी पाडायचा त्यानं एक डाव टाकून पाहिला. नानाजी पानठेलेवाल्याला पढवून पाठवलं, की कोणाचं तरी खोटं स्थळ सांग आणि तब्येत विचार. बाई एकदा बोलली की सरळ डॉक्टरांच्या कानावर घालायचं. नानाजी गेला आणि पाच मिनिटांत परत आला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, इथं कोणाचंच सांगत नसतात. चांगलं पण नाई, वाईट पण नाई."

"मंग?"

"मंग काय? मले म्हणाली, तुमाले खोकला हाय, नंबर घेऊन जा."

पानठेल्यावरचे सगळे हसले. शालिकरामला ते हसू आपल्यावरच आहे असं वाटलं, आणि तिथंच त्याच्या तोंडून ते निघून गेलं. पान गालात सरकवत तो म्हणाला, "तुमाले समजत नाई गा. धडधाकट माणसाचं सांगाले कोणाले काय होते? 'सांगत नाई' म्हणाली, म्हणजे समजून घ्या ना, काईतरी हाय."

लोकांनी माना डोलावल्या. यमुताई सगळ्यांनाच तेच सांगते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण स्टूल पुन्हा रिकामा झाला होता, आणि त्या गोडीपुढं बाकी सगळं फिकं होतं. त्या दिवसापासून दवाखान्यातून हात हलवत परतलेला माणूस ठेल्यावर येऊ लागला आणि शालिकराम त्याला यमुताईच्या गप्प बसण्याचा अर्थ लावून देऊ लागला. म्हणजे आलमारी तिची आणि तिची चावी आपल्या जिभेवर, असं त्यानं मनाचं समाधान करून घेतलं.

एवढ्यानंही भागलं नाही. एका दुपारी यमुताई हात धुवायला मागं गेली आणि किल्ली टेबलावर राहिली. मलमासाठी ठेवलेल्या मेणाच्या वडीवर शालिकरामनं तिचा छाप घेतला आणि बाजारातून तशीच किल्ली करून आणली. ती त्यानं कधी लावून पाहिली नाही. नुसती खिशात असली, बोटाला लागली, की त्याला बरं वाटायचं.

आणि अशात फुलाचं जुळलं. मुलगा वाडीला, अमरावती रोडवरच्या एका गोडाऊनमध्ये कारकून, मॅट्रिक पास. आईबाप नाहीत, सगळं मामाच्या, मारोतरावच्या हातात. पोरीला बघून गेले, पोहे खाल्ले, मुलगा लाजला. विहारात लग्न लावायचं, बुद्धपौर्णिमेच्या आसपास, इथपर्यंत बोलणं आलं. तुळसाबाईनं पातळांचा हिशेब सुरू केला. फुला फारसं बोलली नाही, पण एकदा गुणगुणताना शालिकरामनं ऐकलं आणि त्याचा जीव सुखावला.

पंधरा दिवस गेले तरी वाडीहून निरोप आला नाही. मग आला तो असा की, जरा थांबा.

शालिकराम सायकल मारत वाडीला गेला. मारोतराव गोडाऊनपुढं मालाच्या थप्पीवर बसला होता. त्यानं बोलण्यात आडवळणं घेतली, ट्रकवाल्यांना शिव्या दिल्या, आणि शेवटी सरळच म्हणाला, "पाहा शालिकभाऊ, मी तुमच्या दवाखान्यात गेलतो. गुरुवारी, तुमी नसतानी. तुमच्या तोंडावर विचारनं बरं नाई दिसत म्हणून. ते बाई म्हणाली, इथं कोणाचंच सांगत नसतात."

"ते सगळ्याइलेच तसं म्हणते!"

"म्हणत असंल. पण फाटकाजवळच्या पानठेल्यावर विचारलं मी. ते म्हणाले, बाई असं म्हणाली म्हणजे काईतरी हाय. सगळ्या पाचपावलीले मालूम हाय म्हणे."

ते कोणी शिकवलं, हे मारोतरावला माहीत नव्हतं. शालिकरामला होतं. परतीच्या वाटेवर त्याला दोनदा सायकलवरून उतरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच त्यानं यमुताईला गाठलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच गोड बोलला. "यमुताई, माया पोरीचं कार्ड दाखवून द्या त्या मामाले. काई नाई त्याच्यावर. लहानपणचा गोवर अन् दोनदा खोकला. मीच तं लावलं होतं ते कार्ड."

यमुताई पेन्सिलीला टोक काढत होती. "शालिकभाऊ, ज्याच्या कार्डावर काही नाही त्याचं दाखवलं, तर ज्याचं दाखवलं नाही त्याच्याबद्दल लोक काय समजतील?"

याचं उत्तर शालिकरामइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार! तो तणतणत डॉक्टरांकडं गेला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कार्ड फुलाचं आहे, शालिकराम. ती मोठी झाली आता. तिनं येऊन मागितलं तर यमुताई तिच्या हातात देईल. तुझ्या नाही."

पोरीला काय विचारायचं? लग्न बापानं ठरवायचं असतं, आणि कार्ड बापानं लावलेलं होतं. उलट ही बाई मुद्दाम सूड उगवतेय, आपल्या लेकीच्या आडून आपल्याला दाखवतेय की किल्ली कोणाकडं आहे, असंच त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं खिशातली किल्ली चाचपली आणि मारोतरावला निरोप धाडला, की रविवारी दुपारी या, दवाखाना बंद असते, कार्डच दाखवतो.

रविवारी मारोतराव आला आणि बाकड्यावर टोपी मांडीवर घेऊन बसला. शालिकरामनं आलमारीला किल्ली लावली. पहिल्याच फिरकीला ती उघडली, तेव्हा त्याला इतका आनंद झाला, की क्षणभर तो कशाला आलाय हेच विसरला. सगळं तिथं होतं. चार महिने ज्यासाठी जळलो ते सगळं हाताच्या अंतरावर. पण मामा बसला होता. त्यानं रजिस्टर उघडलं, लेकीचं नाव शोधलं, चारशे बारा, आणि कार्ड बाहेर काढलं.

ते त्यानं लावलेलं कार्ड होतं, कोपऱ्यावर त्याच्याच अक्षरात नाव. पण ते एकटं नव्हतं. त्याला मागून दुसरं कार्ड जोडलेलं होतं, नवं, आणि दोन्ही मिळून दोऱ्यानं बांधलेली. वरच्या बाजूला लाल पेन्सिलीनं यमुताईच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'वडिलांना दाखवू नये. पेशंटच्या सांगण्यावरून.' खाली तारखा होत्या. पाच. पाचही गुरुवार.

गुरुवारी तो बाजारातून औषधं आणायला जात असे.

पहिल्यांदा त्याच्या मनात एवढंच आलं. काय झालंय पोरीला? पण खोटं कशाला बोला, तो प्रश्न पुरा व्हायच्या आत दुसरीच आग उठली आणि ती मोठी होती. तिनं त्या बाईला सांगितलं. मला नाही. एकोणीस वर्षं बाप दवाखान्यात, तर पोरगी गोवर आणि खोकल्यापलीकडं कधी आली नाही. पोटात दुखलं तर घरी ओवा चावत बसली. आणि आलमारीला कुलूप लागल्याबरोबर आली, बापाची पाठ वळल्यावर आली, त्या परक्या बाईच्या टेबलाशी बसून काय ते सांगून गेली. त्या पांढऱ्या पातळाचा त्याला एवढा हेवा वाटला, की डोळ्यांत पाणी आलं.

दोऱ्याला साधी गाठ होती. हजारो पुड्या बांधणाऱ्या हाताला ती सोडायला किती वेळ? त्यानं अंगठा गाठीवर ठेवला. लाल अक्षरं अंगठ्याच्या वरच होती. आजवर त्यानं शेकडो लोकांची कार्डं वाचली, पण 'तू वाचू नको' असं त्याला तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. सगळ्यांच्या मनात ते असणार, हे त्याला आत्ता कळलं. म्हणालं मात्र एकच माणूस, आणि ते त्याच्या पोटचं होतं.

"सापडलं का?" बाहेरून मारोतरावनं विचारलं.

शालिकरामनं कार्ड जागेवर ठेवलं, आलमारी लावली आणि बाहेर आला. हात रिकामे बघून मारोतरावनं भुवया वर केल्या.

"इथं," शालिकराम म्हणाला, "इथं कोणाचंच सांगत नसतात."

मारोतरावनं टोपी डोक्यावर चढवली. त्याला वाईटच वाटलं असावं, कारण उठताना त्यानं शालिकरामच्या खांद्यावर हात ठेवला. "समजलो मी," म्हणाला. काय समजला ते शालिकरामला पक्कं ठाऊक होतं, आणि ते खोटं आहे असंही आता त्याला म्हणता येत नव्हतं.

घरी तुळसाबाईनं हंबरडा फोडला. कोणाच्या नजरेनं झालं, कोण वैरी निपजला, म्हणून तिनं गल्ली डोक्यावर घेतली. वैरी समोर मान खाली घालून बसला होता. ती शेजारी गेल्यावर फुला त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. पाचपावलीत काही लपत नाही, आज दुपारी दवाखाना कोणी उघडला हेही तिच्यापर्यंत आलं होतं.

"बाबा, कार्ड काढलं होतं तुम्ही?"

"काढलं."

"दाखवलं त्याले?"

"नाई."

"अन् तुम्ही वाचलं?"

"नाई वं. वरचं तेवढं वाचलं. लाल."

त्यानं तोंड उघडलं, "फुले, तुयी शप..." आणि तिथंच अडखळला. हीच शपथ त्यानं रंभाबाईच्या पोराच्या वेळी घेतली होती, आणि तेव्हाही ती खरीच होती. पोरीला आपलं खरं वाटेल असा एकही शब्द त्याच्याजवळ उरला नव्हता. 'तुले काय झालं?' हे त्याच्या ओठावर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"ज्याले कार्ड पाहून पोरगी करायची त्याच्या घरी मले जायचंच नाई," फुला म्हणाली आणि आत गेली. आतून बराच वेळ भांडं वाजलं नाही, काही नाही. तो गुणगुणायचा आवाज त्याला आठवला.

सोमवारी सकाळी शालिकरामनं मेणावरून केलेली किल्ली यमुताईच्या टेबलावर ठेवली. तिनं किल्लीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, किल्ली खणात टाकली आणि बाकड्यावरच्या पहिल्या पेशंटला हाक मारली, "एक नंबर." हेही ती कोणाला सांगणार नव्हती. तिचा हा मोठेपणा त्याला जराही आवडला नाही.

दहाच्या सुमारास फुला पायरी चढून आली. गुरुवार नव्हता, बाप खिडकीत होता, तरी आली. त्याच्याकडं न बघता यमुताईसमोर बसली, पुढं वाकली आणि हळू आवाजात बोलू लागली. टेबल दोन हातांवर. शालिकरामच्या हातातला बत्ता सवयीनं हळू झाला. पहिला शब्द त्याच्या कानावर आलासुद्धा.

त्याच्या पोटातली आग काही विझली नव्हती. यमुताईच्या जागी आपण असतो तर, हे आताही त्याला जाळत होतं. त्यानं खलात मूठभर गोळ्या टाकल्या, औषधाच्या चिठ्ठीत होत्या त्याच्या चौपट, आणि बत्ता दोन्ही हातांनी धरून जोरजोरात घोटायला सुरुवात केली. खिडकीतल्या बाटल्या किणकिणू लागल्या. बाकड्यावरचे पेशंट वळून बघू लागले.

"शालिकराम!" आतून डॉक्टर ओरडले. "अरे, काही ऐकू येत नाहीये!"

"हो, साहेब," शालिकराम म्हणाला, आणि त्यानं आणखी जोर लावला.